उन्हात नावेचे एंजिन का दमते?

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट आहे. आमच्या वस्तीतील शाळेच्या विज्ञान मंडळाची नऊ मुले, त्यांच्या बाई आणि मी असे नागपूरपासून तासाभराच्या अंतरावरील एका तलावावर गेलो होतो. पाण्याचे तापमान वेगवेगळ्या खोलीवर मोजायचे, एवढाच आमचा कार्यक्रम. दोरीला तापमापक बांधून मुलांनी ते काम चोख केले. परत फिरलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. नावेला मागच्या बाजूस दहा अश्वशक्तीचे पेट्रोलवर चालणारे एंजिन लावलेले होते. नाववाले काका मूठ पूर्ण पिळून निघाले आणि पाचसात मिनिटे सारे ठीक होते. मग नाव हळूहळू मंदावली. मूठ तेवढीच पिळलेली, पण एंजिनाचा आवाज खाली खाली जाऊ लागला. काठ अजून सहाशे मीटर तरी दूर होता.

एरवी यात काळजीचे काही नव्हते. पण पश्चिमेकडे आभाळ मातकट झाले होते. विदर्भात मे महिन्यात असे आभाळ दिसले की थोड्या वेळात धुळीचा वारा सुटणार, हे कोणालाही सांगावे लागत नाही. उकाड्याने हैराण होऊन दोन मुलांनी जीवरक्षक जाकिटांचे पट्टे सैल केले होते. बाईंनी ते ओढून पुन्हा आवळले. त्यानंतर कोणी गाणे म्हटले नाही.

काका म्हणाले, "उन्हानं हवा पातळ होते सर, एंजिनाले दम पुरत नाही." मी पदार्थविज्ञान शिकवतो. उष्णतेने हवा विरळ होते हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. त्यामुळे मी मान डोलावली. ही माझी चूक होती, आणि हा लेख त्या चुकीविषयी आहे.

काकांनी एंजिन बंद केले, वीस मिनिटे थंड होऊ दिले, मग चालू करून निम्म्या वेगाने नाव काठाला लावली. आम्ही उतरतो न उतरतो तोच वारा सुटला.

दुसऱ्या दिवशी काकांनी ते एंजिन दुरुस्तीला नागपुरात आणले. सीताबर्डीच्या मुख्य रस्त्याला लागून असलेल्या एका बोळात आमच्या महाविद्यालयाचा जनरेटर दुरुस्त करणारे मिस्त्री बसतात. पाण्याचे पंप, जनरेटर आणि अधूनमधून नावेची एंजिने हे त्यांचे काम. मीच तो पत्ता दिला होता, म्हणून मीही गेलो. तीन मुलेही हट्टाने आली. मी मिस्त्रींना पातळ हवेचे कारण ऐकवले. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि विचारले, "हवा पातळ झाली म्हणता, त मंग माही स्कूटर याच हवेत काऊन पयते जी?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. मग त्यांनी तीन प्रश्न विचारले. एंजिनाच्या मागून पाण्याची धार पडत होती का? पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा टणक होता की पिचकलेला? आणि दम सुटला तेव्हा आवाज चढला की उतरला? तिसऱ्याचे उत्तर मला ठाऊक होते, पहिल्या दोहोंकडे माझे लक्षच नव्हते.

पातळ हवेचा हिशेब

घरी येऊन मी जो हिशेब आधीच करायला हवा होता तो केला. तो तुम्हीही करू शकता.

एंजिनात पेट्रोल जळते ते हवेतील प्राणवायूवर. दट्ट्या खाली येताना सिलिंडरमध्ये ठरावीक आकारमानाची हवा ओढली जाते. ही हवा विरळ असेल तर तिच्यात प्राणवायूचे वजन कमी, म्हणून जळणारे पेट्रोल कमी आणि शक्तीही कमी. इथवर काकांचे बरोबर होते. प्रश्न आहे तो किती कमी, हा. दाब तोच राहिला तर वायूची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. २५° सें. म्हणजे २९८ अंश निरपेक्ष आणि ४५° सें. म्हणजे ३१८. दोहोंचे गुणोत्तर ०.९४ येते. म्हणजे सुखद हवेच्या दिवसापेक्षा मे महिन्यातील दुपारी हवा फार तर सहा टक्के विरळ असते. डिसेंबरातील पहाटेच्या १२ अंशांशी तुलना केली तरी घट दहा टक्क्यांचीच आहे.

प्रत्यक्षातील घट याहूनही कमी असते. बाहेरची हवा थंड असो की गरम, सिलिंडरपर्यंत पोचताना ती तापलेल्या नळ्यांना घासून जाते, त्यामुळे दोहोंतला फरक वाटेतच थोडा पुसला जातो. म्हणूनच पेट्रोल एंजिनांची शक्ती मोजताना तापमानाची जी दुरुस्ती करतात ती निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात करण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने २५ वरून ४५ अंशांवर गेल्यास घट भरते जेमतेम तीन टक्के. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे, तेवढ्याने वायुदाब साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी होतो. पण ही वजावट बारमाही आहे, डिसेंबरातही ती भरावीच लागते.

कोकणातल्या वाचकांनी हसू नये. त्यांच्याकडे हवा इतकी तापत नाही, पण दमट असते. ३४ अंशांना ७० टक्के आर्द्रता असेल तर हवेच्या दाबापैकी सुमारे पावणेचार टक्के वाटा नुसत्या पाण्याच्या वाफेचा असतो, आणि वाफेवर पेट्रोल जळत नाही. आपल्या ४५ अंशांच्या कोरड्या हवेत, आर्द्रता १५ टक्के धरली, तर हा वाटा दीड टक्काही नसतो. म्हणजे मे महिन्यातील मालवण आणि मे महिन्यातील नागपूर यांत एंजिनाच्या दृष्टीने फारसे डावे-उजवे नाही.

पंचमावरून षड्जावर

आता प्रश्न असा की आमच्या एंजिनाने किती टक्के शक्ती गमावली होती? नावेवर शक्ती मोजण्याचे कोणतेच उपकरण नव्हते. पण मागच्या फळीवर बसलेल्या एका मुलाने मोबाइलवर चित्रफीत घेतली होती. मिस्त्रींच्या दुकानात ती सर्वांनी पाहिली. आमच्याबरोबरची नववीतली एक मुलगी गाणे शिकते. सुरुवातीचा आणि शेवटचा आवाज दोनदा ऐकून ती म्हणाली, "सर, एंजिन पंचमावरून षड्जावर आलं."

मला हे ऐकून जो आनंद झाला तो सांगता येत नाही. षड्ज आणि पंचम यांच्या कंपनसंख्यांचे गुणोत्तर २ : ३ असते. मागाहून मोबाइलवरच कंपनसंख्या मोजली, तेव्हा आधी सेकंदाला ८४ आणि नंतर ५६ आली. तिचा कान बरोबर होता. हे एंजिन दोन सिलिंडरचे, चार धावांचे आहे. त्यात दर फेऱ्याला एक स्फोट होतो, म्हणून सेकंदाला ८४ कंपने म्हणजे मिनिटाला ५०४० फेरे. ते ३३६० वर आले होते.

पण फेरे दोन-तृतीयांश झाले म्हणजे शक्ती दोन-तृतीयांश झाली असे नाही. नावेचा पंखा पाणी मागे फेकतो. फेरे दुप्पट झाले तर दर सेकंदाला दुप्पट पाणी फेकले जाते, आणि ते दुप्पट वेगाने फेकले जाते. म्हणून रेटा चौपट होतो. शक्ती म्हणजे रेटा गुणिले वेग, तेव्हा ती आठपट लागते. थोडक्यात, पंखा फिरवायला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलते. आता २/३ चा घन काढा : ८/२७. म्हणजे एंजिनाची जेमतेम तीस टक्के शक्ती उरली होती. सत्तर टक्के गेली होती!

हाच नियम उलटा लावून पाहा. हवेच्या विरळपणाने सहा टक्के शक्ती गेली असती तर फेरे ०.९४ च्या घनमुळाइतके, म्हणजे ९८ टक्के उरले असते. कंपनसंख्या ८४ वरून ८२ झाली असती. हा फरक अर्ध्या सुराचाही नव्हे, गाणाऱ्या मुलीलासुद्धा तो बहुधा कळला नसता. पाण्यावर उडी मारून घसरत जाणाऱ्या वेगवान होड्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना पाण्याबाहेर उचलले जाण्यापुरती शक्ती हवी असते, ती थोडी कमी पडली तरी होडी पुन्हा पाण्यात रुतते आणि वेग एकदम कोसळतो. आमची नाव मात्र साधी, पाणी कापीत जाणारी होती.

तेव्हा पातळ हवा निर्दोष ठरली. सहा टक्क्यांच्या आरोपीवर सत्तर टक्क्यांचा गुन्हा लादता येत नाही. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६° सें. तापमान दाखवले होते, ते आठवते का? दिवसभर त्याची चर्चा झाली. नंतर हवामान खात्याने सांगितले की संवेदकच बिघडला होता. नागपूरच्या खऱ्या तापमानाचा विक्रम २३ मे २०१३ रोजीचा ४७.९ अंशांचा आहे, आणि तो पुरेसा आहे. उन्हाळ्याच्या नावावर काहीही खपते, हे मात्र तेव्हाही दिसले आणि आमच्या नावेतही दिसले.

इंधनाच्या नळीतील उकळी

मिस्त्रींच्या दुसऱ्या प्रश्नाकडे आधी वळू, कारण उन्हाळ्यात नाव, स्कूटर, जुनी मोटार, सर्वांनाच हा त्रास होतो. टाकीतून एंजिनाकडे जाणाऱ्या नळीवर एक रबरी फुगा असतो. सुरू करण्यापूर्वी तो दाबून पेट्रोल पुढे ढकलतात. चालत्या एंजिनात हा फुगा पिचकलेला दिसला तर टाकीकडून पेट्रोल येत नाही असे समजावे : टाकीच्या झाकणावरील हवेचे छिद्र बंद असेल किंवा नळी दुमडली असेल. फुगा टणक असेल तर तिथपर्यंत तरी वाट मोकळी आहे. काकांनी आमच्यासमोर तो दोनतीनदा दाबला होता आणि तो टणक होता, असे त्यांनी सांगितले.

पण फुग्याच्या पुढे, तापलेल्या एंजिनाच्या टोपणाखाली, काय चालले असेल? पेट्रोल हा एक द्रव नव्हे, अनेक द्रवांचे मिश्रण आहे. त्यातील काही घटक दोनशे अंशांच्या जवळपास उकळतात, तर काही फारच लवकर. पेंटेन हा त्यांतला एक. तो ३६ अंशांनाच उकळतो. मे महिन्यात नागपुरात पेंटेनची बाटली उघडी ठेवली तर ती सावलीतच उकळू लागेल! पेट्रोलमध्ये इतर जड घटकांत मिसळलेला असल्याने तो इतका अनावर होत नाही, पण एंजिनाच्या शेजारच्या नळीचे तापमान हवेपेक्षा बरेच जास्त असते हे विसरू नका. एक मिलिलिटर पेंटेनची वाफ झाली तर ती दोनशे मिलिलिटरहून अधिक जागा व्यापते. द्रव ढकलण्यासाठी केलेला पंप अशा वाफेपुढे हतबल होतो. तो वाफ दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो, आणि पेट्रोल जागेवरच राहते.

यात शोषणाची भर पडते. पंप पेट्रोल ओढतो म्हणजे नळीतला दाब कमी करतो, आणि दाब कमी झाला की द्रव कमी तापमानाला उकळतो. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर दाखवावा. सुई नसलेली प्लॅस्टिकची पिचकारी घ्या. तिच्यात सुमारे ७० अंशांचे थोडे पाणी ओढा, आतली हवा काढून टाका, तोंड बोटाने बंद करून दट्ट्या जोराने मागे खेचा. पाणी बुडबुडे काढीत उकळताना दिसेल. सोडले की शांत होईल. (प्रयोग पाण्याचाच करायचा. पेट्रोलला हातही लावायचा नाही.) टाकीचे छिद्र बंद असण्याचा खरा धोकाही हाच आहे. टाकीतला दाब उतरत उतरत पेट्रोलच्या स्वतःच्या बाष्पदाबाच्या जवळ येतो, आणि मग पंपाने जरा ओढले की नळीत उकळी फुटते. उन्हाळा आणि बंद छिद्र अशी ही जोडगोळी आहे.

उपाय आपल्या घराघरांत आहे. ओले फडके! पेट्रोलच्या नळीवर आणि पंपावर ओले फडके गुंडाळले आणि एंजिन सुधारले, तर आजार हाच होता हे नक्की. हे औषध नागपुरात जितके लागू पडते तितके मुंबईत पडत नाही. ४५ अंशांच्या आणि १५ टक्के आर्द्रतेच्या हवेत ओल्या फडक्याचे तापमान बाष्पीभवनामुळे जवळजवळ २४ अंशांपर्यंत उतरू शकते. आपले कूलर याच हिशेबावर चालतात. दमट किनाऱ्यावर ३४ अंशांची हवा तेच फडके फार तर २९ अंशांपर्यंत नेईल.

ठिणगीची कथा इथेच उरकतो. ठिणगी देणाऱ्या गुंडाळीतील तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. जुन्या गुंडाळीचे आवरण तापल्यावर दगा देते आणि थंड झाल्यावर पुन्हा नीट वागते. लक्षण अगदी नळीतील वाफेसारखे, पण ओल्या फडक्याने नळी थंड करूनही फरक पडत नाही. ही तपासणी मिस्त्रीवरच सोडावी. पेट्रोलच्या वाफेत ठिणगी पाडून पाहण्याची हौस नावेत बसून करू नये.

पाण्याची धार

आता पहिला प्रश्न. नावेच्या या एंजिनाला मोटारीसारखी पाण्याची जाळीदार पेटी नसते. बुडालेल्या भागातील एका जाळीतून तलावाचेच पाणी आत ओढले जाते. रबरी पाकळ्यांचे एक छोटे चक्र ते वर ढकलते. ते सिलिंडरभोवती फिरून पुन्हा तलावात जाते. त्यातला थोडा भाग एका छिद्रातून बारीक धारेने बाहेर पडतो. ती धार म्हणजे एंजिनाची नाडी. मुलांच्या चित्रफितीत सुरुवातीला ती स्वच्छ दिसते. चौथ्या मिनिटाला ती बारीक होते, सहाव्याला थेंब थेंब पडतात. मी दोन हातांवर बसलो होतो आणि काठाकडे पाहत होतो.

मिस्त्रींनी तोवर जाळी उघडली होती. आत शेवाळाचा पुंजका होता आणि त्यावर खर्ऱ्याची एक पन्नी चिकटून बसली होती. रबरी पाकळ्यांपैकी दोन झिजून आखूड झाल्या होत्या.

आता तुम्ही विचाराल, मग यात उन्हाळ्याचा काहीच दोष नाही का? तलावाचे पाणीही उन्हाने तापलेले असते ना? पुन्हा हिशेबच करू. दहा अश्वशक्ती म्हणजे साडेसात किलोवॅट. अशा एंजिनात पूर्ण शक्तीवर सुमारे तेवढीच, समजा आठ किलोवॅट, उष्णता थंड करणाऱ्या पाण्यात जाते. मिनिटाला दहा लिटर पाणी वाहत असेल तर आत शिरताना आणि बाहेर पडताना त्याच्या तापमानात साडेअकरा अंशांचा फरक पडेल. (पाण्याची विशिष्ट उष्णता ४.१८ किलोज्यूल धरून करून पाहा.) डिसेंबरात पाणी २० अंशांचे असते, मेमध्ये ३० अंशांचे. तेव्हा बाहेर पडणारे पाणी ३१ ऐवजी ४१ अंशांचे असेल, एवढेच. सिलिंडरच्या धातूला या दहा अंशांचे काही वाटत नाही. पण प्रवाह एक-तृतीयांश झाला तर फरक ३४ अंशांचा होतो, आणि एक-दशांश झाला तर गणिताने ११५ अंश! म्हणजे पाणी आतच उकळते, वाफेचे खिसे तयार होतात, आणि वाफ धातूची उष्णता पाण्यासारखी वाहून नेत नाही.

उन्हाळ्याचा खरा दोष निराळाच आहे. मे महिन्यात तलावाची पातळी खाली जाते. नाव उथळ पाण्यातून जाते, पंखा गाळ ढवळतो, कोमट पाण्यात शेवाळ माजते आणि काठचा कचरा उरलेल्या थोड्या पाण्यात गोळा होतो. ऊन एंजिनाला थेट फारसे काही करत नाही, ते जाळीच्या तोंडाशी सारा कचरा आणून ठेवते.

तापलेल्या एंजिनाची शक्ती का जाते? दट्ट्या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, सिलिंडरचे अस्तर बिडाचे. अॅल्युमिनियमचा प्रसरणांक दर अंशाला २३ दशलक्षांश, बिडाचा साधारण ११. समजा दट्ट्याचा व्यास ६० मिलिमीटर आहे आणि दोघेही नेहमीपेक्षा १०० अंशांनी अधिक तापले. दोहोंच्या वाढीतला फरक ०.०७ मिलिमीटर येतो, म्हणजे केसाच्या जाडीइतका. पण दोहोंमध्ये मोकळी ठेवलेली फटही मिलिमीटरच्या काही शतांशांचीच असते. दट्ट्या आवळला जातो, तेल पातळ होऊन मधला थर तुटतो, आणि निम्मी शक्ती स्वतःच्याच घर्षणात खर्च होते. आत येणारे मिश्रणही तापलेल्या भिंतींनी फुगते आणि कमी भरते. अशा वेळी मूठ पिळून ठेवली तर दट्ट्या कायमचा अडकतो. नव्या एंजिनांत तापमान वाढताच फेरे आपोआप कमी करणारी यंत्रणा असते. तिथे शक्ती गेली म्हणजे बिघाड नव्हे, एंजिनाने स्वतःला वाचवले असे समजावे. आमचे एंजिन जुने होते, त्याला अशी सोय नव्हती. काकांनी ते वेळेवर बंद केले म्हणून वाचले.

आणि निम्म्या वेगाने आम्ही काठाला कसे पोचलो? पुन्हा घनाचा नियम. निम्म्या फेऱ्यांना पंख्याची शक्ती आठव्या हिश्शावर येते. उष्णता तितकी उतरत नाही, कारण मंद चालीत एंजिनाची कार्यक्षमता खालावते. चौथा-पाचवा हिस्सा धरू. तरी तेवढी उष्णता त्या तुंबलेल्या जाळीतून येणाऱ्या पाण्याला झेपण्यासारखी होती. काकांना घनाचा नियम माहीत नव्हता. "बेतानं घेतलं की जाते" एवढे त्यांना माहीत होते. कारण चुकीचे सांगितले तरी कृती त्यांची बरोबर होती. माझे उलट झाले असते.

मोठ्या जहाजांचे अभियंते उन्हाळ्याला आधीच हिशेबात धरतात. जहाजांची तपासणी करून त्यांना प्रमाणित करणाऱ्या संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियमच आहे की सर्व समुद्रांवर फिरणाऱ्या जहाजाच्या एंजिनाची शक्ती ठरवताना हवा ४५ अंशांची आणि समुद्राचे पाणी ३२ अंशांचे धरावे. म्हणजे नागपूरच्या मे महिन्याची हवा! हा हिशेब चुकला तर काय होते याचेही उदाहरण आहे. ब्रिटिश आरमाराच्या 'टाइप ४५' जातीच्या सहा विनाशिका उष्ण समुद्रात गेल्या की त्यांची वीज जाई. २०१६ साली ब्रिटिश संसदेच्या संरक्षण समितीपुढे याची चौकशी झाली. त्यांच्या वायुचक्की एंजिनाला जोडलेले उष्णता-विनिमयाचे यंत्र गरम हवापाण्यात पुरे पडत नव्हते. शेवटी प्रत्येक जहाजात अधिक शक्तीचे डिझेल जनित्रसंच बसवण्याचे ठरले. तिथेही नाडी थंड करण्याच्या व्यवस्थेतच सापडली.

मिस्त्रींनी पाकळ्यांचे चक्र नवे बसवले, जाळी घासून साफ केली. मग बोळातच पाण्याने भरलेल्या दोनशे लिटरच्या ड्रममध्ये एंजिन बुडवून मंद चालीवर चालू केले. धार ताबडतोब आली. गाणाऱ्या मुलीने तलावावरचा तोच तापमापक बरोबर आणला होता. ड्रममधले पाणी पंधरा मिनिटांत ३१ अंशांवरून ३३ अंशांवर गेले. तिने दुकानातल्याच एका पावतीच्या पाठीवर गणित मांडले : दोनशे किलोग्रॅम पाणी, दोन अंश, नऊशे सेकंद. उत्तर आले १.९ किलोवॅटच्या आसपास. मी म्हटले, मंद चालीवर एंजिन पाण्याला एवढी उष्णता देते तर. ती म्हणाली, "पण सर, धूरसुद्धा त्याच ड्रममध्ये सुटतोय. त्याची उष्णता यातून वजा नको का करायला?"